झोप की विषबाधा? श्वास मोजायला शिका!

‘विषबाधा’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. तोंडाला आलेला फेस, आकडी, पोट धरून तळमळणारा माणूस. नाटक-सिनेमांनी हे चित्र आपल्या मनावर पक्के ठसविले आहे. परंतु विषांच्या मोठ्या कुळात एक घराणे असे आहे, की त्याची बाधा झालेला माणूस तळमळत नाही, ओरडत नाही, कोणाला हाकही मारीत नाही. तो झोपतो. घरची माणसे म्हणतात, “दमला असेल, झोपू दे त्याला.” कोणी त्याच्या अंगावर पांघरूणही घालते. आणि त्या शांत झोपेतच त्याचा श्वास मंदावत मंदावत थांबतो. हे घराणे म्हणजे अफू आणि तिची भावंडे : मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन, ट्रॅमाडॉल, फेंटानिल इत्यादी.

विद्यार्थी मित्रांनो, या लेखात मला एक मत आग्रहाने मांडावयाचे आहे. ते असे, की आपल्या शाळांतून नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्या माणसाचा श्वास मोजता आला पाहिजे, डोळ्याची बाहुली नीट पाहता आली पाहिजे आणि त्या दोन निरीक्षणांचा अर्थ लावता आला पाहिजे. मी भौतिकशास्त्र शिकवितो. वैद्यकी हा माझा प्रांत नव्हे. पण या विषबाधेच्या निदानाची पहिली पायरी ही मोजमापाची पायरी आहे, आणि मोजमाप हा आम्हा भौतिकशास्त्राच्या मंडळींचा जिव्हाळ्याचा विषय आहे.

गिरणगावातील बाळागोळी

प्रथम आपल्याच महाराष्ट्रातील एक जुनी हकीकत पाहू. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत हजारो स्त्रिया काम करीत. कोकणातून, घाटावरून पोटासाठी आलेली ही कुटुंबे चाळींतल्या एकेका खोलीत राहत. आई दिवसभर गिरणीत असे, आणि तान्हे मूल घरी एखाद्या म्हातारीपाशी किंवा थोरल्या भावंडापाशी असे. ते रडू नये म्हणून त्याला अफू घातलेली लहानशी गोळी देत. तिला ‘बाळागोळी’ म्हणत. मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या परिस्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ साली नोंदविले, की अशा कामगार स्त्रियांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते.

हा आकडा पुन्हा वाचा. शंभरात अठ्ठ्याण्णव! जेथे जवळजवळ प्रत्येक मूल गुंगीत आहे, तेथे गुंगीत नसलेले मूलच ‘रडवे’ ठरते. निपचित पडून राहणारे बाळ ‘शहाणे’ आणि भूक लागली म्हणून टाहो फोडणारे बाळ ‘हट्टी’! निरोगी स्थिती कशी असते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला बिघाड ओळखता येत नाही. तराजूचा काटा मुळातच सरकलेला असेल तर कितीही वेळा वजन केले तरी चूक सापडत नाही, तसेच हे.

त्या आया क्रूर नव्हत्या, हेही ध्यानात ठेवा. मुलाला सांभाळायला कोणी नव्हते, एवढेच त्यांचे दुखणे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणीगावांतही ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचे अफूमिश्रित औषध पाजून मुले झोपविली जात. आपल्याकडे १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनच्या अहवालात मुलांना अफू देण्याच्या या प्रथेचा उल्लेख आहे, आणि त्यावर सुचविलेला उपाय उपदेशाचा नव्हता, तर पाळणाघरांचा होता. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने अधिक संख्येने स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराचे बंधन घातले. पाळणाघर आले की बाळागोळीची गरज कमी झाली. कारण नीट ओळखले की उपाय सापडतो, हा विज्ञानाचा साधा नियम येथेही लागू पडला.

श्वास का थांबतो?

आता या विषाची करणी समजावून घेऊ. अफू म्हणजे खसखशीच्या बोंडाला चिरा पाडून काढलेला चीक. जर्मनीतील सर्टुर्नर या तरुण औषधविक्याने १८०५ च्या सुमारास अफूतून एक शुद्ध द्रव्य वेगळे काढले आणि ग्रीक पुराणातील स्वप्नदेवता मॉर्फिअस हिच्यावरून त्याला नाव दिले. तेच मॉर्फिन. १९७३ साली शास्त्रज्ञांना मेंदूत या द्रव्यांसाठीचे ‘ग्राही’ सापडले. ग्राही म्हणजे कुलूप आणि मॉर्फिन म्हणजे त्यात बसणारी किल्ली, असे समजा. ही कुलुपे मुळात आपल्या शरीरात तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्यांसाठी आहेत. अफूची किल्ली त्यांत नेमकी बसते, एवढेच.

यांतील काही कुलुपे वेदनेच्या मार्गावर असतात, म्हणून अफूने वेदना शमते. पण काही कुलुपे मेंदूच्या तळाशी, जेथून श्वासाचा ताल धरला जातो, तेथेही असतात. आपण श्वास घेतो तो मुख्यतः प्राणवायू कमी झाला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला म्हणून. पाण्यात बुडी मारल्यावर काही वेळाने जी घुसमट होते, ती त्याची आठवण असते. अफूवर्गीय द्रव्ये नेमकी ही आठवण बोथट करतात. कार्बन डायऑक्साइड साठत जातो, पण ‘श्वास घे’ असा हुकूम सुटत नाही. म्हणूनच या विषबाधेत माणूस गुदमरतो, पण त्याला गुदमरल्यासारखे वाटत नाही. तो तळमळत नाही याचे कारण हेच.

तीन खुणा

या विषबाधेच्या तीन मुख्य खुणा डॉक्टरांच्या पुस्तकांत एकत्र सांगितलेल्या असतात.

पहिली खूण : शुद्ध हरपणे. हाक मारली, खांदा हलविला, तरी माणूस उठत नाही. झोपलेला माणूस निदान कुरकुर करतो, कूस बदलतो. हा तसे करीत नाही.

दुसरी खूण : श्वास मंद होणे. निरोगी मोठा माणूस विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. या विषबाधेत ते दहा, आठ, सहा, चार असे उतरत जातात. घशातून विचित्र घरघर येते. पुष्कळदा घरच्यांना ते घोरणेच वाटते, आणि ‘घोरतोय म्हणजे झोपलाय’ असा समज होतो. ओठ व नखे निळसर पडू लागतात. सावळ्या वर्णाच्या माणसात ओठांच्या आतली बाजू पाहावी.

तिसरी खूण : डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होणे. हिच्यात थोडे भौतिकशास्त्र आहे. उजेडात प्रत्येकाचीच बाहुली लहान होते. म्हणून प्रखर प्रकाशात पाहून काही कळत नाही. मंद उजेडात निरोगी बाहुली रुंदावते. तेथेही ती एक मिलिमीटरभरच राहिली असेल तर ती खूण बोलकी आहे. चार मिलिमीटरची बाहुली एक मिलिमीटरची झाली, तर व्यास चौथाई होतो, पण क्षेत्रफळ, आणि म्हणून आत जाणारा प्रकाश, सोळावा हिस्सा होतो.

या तिन्हींत सर्वांत विश्वासाची खूण कोणती? श्वासाची. कारण बाहुली फसवू शकते. प्राणवायूअभावी मेंदूला फार इजा झाली तर आखडलेली बाहुली पुन्हा रुंदावते. ट्रॅमाडॉलसारख्या काही औषधांत ती फारशी लहान होतही नाही. आणि माणसाचा जीव जातो तो बाहुलीमुळे नव्हे, तर श्वासामुळे.

मोजमापातील चूक

श्वास मोजण्यात एक सोपी चूक दडलेली आहे. पुष्कळजण पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात. समजा, पंधरा सेकंदांत तुम्ही २ श्वास मोजले. उत्तर आले मिनिटाला ८. पण मोजणी सुरू करताना अथवा थांबविताना एक श्वास इकडचा तिकडे झाला, तर उत्तर ४ किंवा १२ येईल. म्हणजे एका श्वासाची चूक चौपट झाली! पूर्ण मिनिट मोजल्यास तीच चूक एकाचीच राहते. प्रयोगशाळेत लंबकाचा आवर्तनकाल काढताना आपण एका आवर्तनाऐवजी वीस आवर्तने का मोजतो, त्याचेच हे उत्तर आहे. श्वास जितका मंद, तितकी मोजणी अधिक वेळ केली पाहिजे. मात्र दहा सेकंदांत छाती एकदाही हलली नाही, तर मोजत बसू नये. श्वास थांबला असे धरून मदतीला लागावे.

“आता बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आहे, मग श्वास कशाला मोजायचे?” असे कोणी विचारील. करोनाच्या साथीत हे यंत्र आपल्या सर्वांच्या ओळखीचे झाले. जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याचे तत्त्व शोधले. लाल व अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवून, रक्तातील प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनचे प्रमाण ते काढते. यंत्र सुंदर आहे, पण ते काय मोजत नाही हे ठाऊक हवे. ते कार्बन डायऑक्साइड मोजत नाही.

थोडे गणित करू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. येथे हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७१० मिलिमीटर. त्यातून फुफ्फुसातील वाफेचा दाब ४७ वजा करून उरलेल्याचा २१ टक्के भाग घेतला, तर श्वासातील प्राणवायूचा दाब सुमारे १४० येतो. फुफ्फुसाच्या वायुकोशातील दाब यातून ‘कार्बन डायऑक्साइडचा दाब भागिले ०.८’ इतका वजा करून मिळतो. निरोगी माणसात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० असतो. म्हणून प्राणवायू १४० वजा ५० म्हणजे ९०. आता श्वासाची खोली तीच राहून वेग निम्मा झाला, तर कार्बन डायऑक्साइड काही वेळाने दुपटीवर, म्हणजे ८० वर जातो. प्राणवायू उरतो १४० वजा १०० म्हणजे ४०. ऑक्सिमीटर ७५ च्या आसपास आकडा दाखवील व सर्वांची धावपळ उडेल.

पण त्याच रोग्याला नळीने थोडा जास्त प्राणवायू दिला, समजा, हवेत २१ ऐवजी ३० टक्के, तर श्वासातील दाब सुमारे २०० होतो. त्यातून १०० गेले तरी १०० उरतात, आणि ऑक्सिमीटर ९७ दाखविते! नातेवाईक निश्चिंत होतात. परंतु श्वास निम्माच आहे, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झालेला आहे आणि विष आपले काम करीतच आहे. यंत्राचा आकडा खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असू शकतो. छातीकडे पाहून मोजलेला श्वास मात्र येथे फसवीत नाही.

सारख्या दिसणाऱ्या खुणा

निदान म्हणजे केवळ ‘हे आहे’ असे म्हणणे नव्हे. ‘ते नाही’ हेही सांगता येणे म्हणजे निदान. आपल्या शेतीप्रधान जिल्ह्यांत हे विशेष महत्त्वाचे आहे. कीटकनाशकांतील ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या विषांनीही बाहुल्या टाचणीएवढ्या होतात व माणूस बेशुद्ध पडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. मग फरक कसा ओळखावा? कीटकनाशकाची बाधा ‘ओली’ असते : तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, भरपूर घाम, छातीत खरखर, उलट्या-जुलाब, स्नायूंची फडफड आणि पुष्कळदा औषधाचा उग्र वास. अफूची बाधा ‘कोरडी’ व शांत असते. दोहोंचे उतारे वेगळे आहेत. कीटकनाशकावर अॅट्रोपिन देतात, अफूवर नॅलोक्झोन. कीटकनाशक अंगावर असेल तर मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालूनच रोग्याचे कपडे काढावेत.

पहाटे अंथरुणात बेशुद्ध सापडलेल्या माणसाला मण्यार चावलेला असू शकतो. या सापाचा दंश जवळजवळ वेदनारहित असतो. त्यातही श्वास बंद पडतो, पण तो स्नायू लुळे पडल्यामुळे. त्याआधी पापण्या जड होऊन मिटू लागतात, आवाज बदलतो, गिळता येत नाही. शिवाय मेंदूतील रक्तस्राव, मधुमेहात साखर एकदम उतरणे, दारू, झोपेच्या गोळ्या अशी दुसरी कारणे असतातच. ती पारखणे हे डॉक्टरांचे काम.

वर्तमानपत्रांत ‘ड्रग्ज’ या एकाच शब्दाखाली सर्व काही मोडते, त्यानेही घोटाळा होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ येथे, तसेच आपल्या शेजारच्या सांगलीतील कुपवाड येथे मेफेड्रोनचे मोठे साठे पकडले. मेफेड्रोन हे अफूच्या कुळातले नव्हे. त्याची करणी उलट आहे. त्याने बाहुल्या रुंदावतात, हृदय धडधडते, माणूस झोपत नाही तर बेचैन होतो. तेथे नॅलोक्झोनचा उपयोग नाही. ‘नशा म्हणजे नशा’ असे म्हणणारा माणूस ताप म्हणजे ताप म्हणणाऱ्या माणसासारखा आहे. हिवताप आणि विषमज्वर त्याला सारखेच.

लघवीच्या तपासणीवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. अफूसाठीच्या नेहमीच्या चाचणीत मॉर्फिन-कोडीन सापडते, पण फेंटानिल किंवा ट्रॅमाडॉल बहुधा सापडत नाही. उलट, आपल्या पांढऱ्या रश्श्यात वाटून घालतात किंवा अनारशाला लावतात, त्या खसखशीच्या दाण्यांवर मॉर्फिनचा अत्यल्प अंश असतो. त्याने कोणाला गुंगी येत नाही, पण खसखस भरपूर खाल्ल्यास काही वेळा चाचणी ‘आहे’ असे सांगते. म्हणून डॉक्टर निकालाची वाट पाहत नाहीत. श्वास, बाहुली, शुद्ध आणि हकीकत यांवरून निर्णय घेतात आणि उतारा देतात.

उतारा आणि त्याची मर्यादा

नॅलोक्झोन हा उतारा १९६१ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाला. कुलूप-किल्लीच्या भाषेत सांगायचे तर ही अशी किल्ली आहे, की जी कुलुपात बसते, अफूची किल्ली बाहेर ढकलते, पण कुलूप उघडीत नाही. टोचल्यावर काही मिनिटांत श्वास पुन्हा सुरू होतो. मात्र तिचा परिणाम साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, आणि काही अफूवर्गीय औषधे शरीरात त्याहून पुष्कळ जास्त वेळ राहतात. रोगी उठून बसला, ‘बरा आहे’ म्हणाला, म्हणून त्याला घरी नेले, तर तो पुन्हा त्याच झोपेत जाऊ शकतो. जुलाब थांबविणाऱ्या काही गोळ्यांत डायफेनॉक्झिलेट नावाचे अफूवर्गीय द्रव्य असते. लहान मुलाने ती गोळी चुकून गिळल्यास लक्षणे काही तासांनी येतात व जाऊन परतही येतात. म्हणून अशा मुलाला इस्पितळात ठेवूनच पाहावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली शिफारस केली, की अशी विषबाधा पाहण्याची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते, त्या सामान्य माणसांनाही नॅलोक्झोन व त्याच्या वापराचे शिक्षण मिळावे. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात ऐंशी हजारांहून अधिक माणसे अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने दगावली. २०२३ पासून तेथे नाकात फवारायचे नॅलोक्झोन चिठ्ठीशिवाय मिळू लागले. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या हातचे इंजेक्शन आहे. निदान प्रत्येक रुग्णवाहिकेत व प्राथमिक आरोग्य केंद्रात ते हाताशी असलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

उतारा असूनही ओळख नसली तर काय होते, याचे विदारक उदाहरण २००२ साली मॉस्कोत घडले. नाट्यगृहात ओलीस धरलेल्या लोकांची सुटका करण्यासाठी तेथे गुंगीचा वायू सोडण्यात आला. कोणता वायू, हे मदतीला आलेल्या डॉक्टरांना सांगितले गेले नाही. बेशुद्ध माणसे उताणी निजविली गेली, जिभा मागे पडून श्वासमार्ग बंद झाले. सुमारे १३० ओलीस दगावले. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी वाचलेल्या लोकांच्या कपड्यांची व लघवीची तपासणी करून त्यात फेंटानिलची भावंडे असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्या दिवशी ‘श्वास मोजा आणि कुशीवर वळवा’ एवढे जरी सर्वांना ठाऊक असते, तरी कित्येक जीव वाचले असते.

आक्षेप आणि उत्तरे

माझ्या मतावर काही आक्षेप येतील, याची मला कल्पना आहे. पहिला : “मुलांना नसते विषय कशाला सांगता? माहिती दिली की कुतूहल वाढेल.” आगीत अडकल्यास काय करावे हे शिकविल्याने कोणी आग लावीत नाही. येथे आपण औषध कसे घ्यावे हे शिकवीत नाही. श्वास कसा मोजावा हे शिकवितो.

दुसरा : “आपल्याकडे हे प्रकार कुठे आहेत?” २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या केंद्र शासनाच्या पाहणीनुसार भारतात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय द्रव्ये वापरतात. २०१८ साली ट्रॅमाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले. २०२५ च्या फेब्रुवारीत टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या निर्यातीवर सरकारने बंदी घातली. पश्चिम आफ्रिकेत तरुणांना नादी लावणाऱ्या त्या गोळ्या आपल्याच महाराष्ट्रातील एका कंपनीकडून जात होत्या, असे बीबीसीने उघड केले होते. आणि व्यसन बाजूला ठेवले तरी आजोबांच्या गुडघेदुखीच्या गोळ्या, खोकल्याचे कोडीनयुक्त औषध हे घरातल्या फळीवर नातवाच्या हाताला लागेल असे असतेच. कोडीनचे मॉर्फिन यकृतात बनते, आणि काही मुलांत ते फार झपाट्याने बनते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना कोडीन व ट्रॅमाडॉल देणे निषिद्ध ठरविले.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : “अशाने लोक मॉर्फिनलाच घाबरतील आणि कर्करोगाच्या रोग्याला वेदनेत तळमळत ठेवतील.” ही भीती खरी आहे. १९८५ च्या कडक कायद्यामुळे आपल्या देशात मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. वेदनाग्रस्तांसाठी ते सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत मॉर्फिन घेणाऱ्या रोग्याच्या बाहुल्या लहान असतात, पण तो बोलतो, जेवतो, नीट श्वास घेतो. त्याला विषबाधा झालेली नसते. ज्याला श्वास मोजता येतो तो मॉर्फिनला विनाकारण घाबरत नाही, हाच माझ्या म्हणण्याचा गाभा.

आणखी एक अडसर आहे, तो लाजेचा. घरातला मुलगा नशेत सापडला तर शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दार लावून घेतले जाते. मित्र पोलिसांच्या भीतीने पळून जातात. श्वास बंद पडल्यावर मेंदूला चार-पाच मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. लाजेला तेवढा वेळ परवडत नाही. व्यसनी माणसाने स्वतःहून उपचार स्वीकारले तर काही अटींवर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही कायद्यात आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. दोष कोणाचा, याची चर्चा माणूस शुद्धीवर आल्यावर करता येते.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकांना माझी सूचना अशी. दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन पाळला जातो. भाषणे होतात, फलक रंगतात. त्या दिवशी एक तास प्रयोगाला द्यावा. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने शांत बसावे, दुसऱ्याने सेकंदकाट्याच्या घड्याळावर त्याचे श्वास आधी १५ सेकंद व मग पूर्ण मिनिट मोजावेत. (ज्याचे मोजायचे त्याला सांगू नये, सांगितले की श्वास बदलतो!) वर्गातील सर्वांचे आकडे फळ्यावर मांडून आलेख काढावा. दोन्ही पद्धतींतील फरक पाहावा. मग खोलीत अंधार करून बाहुल्यांचे व्यास मोजपट्टी गालाशी धरून अजमावावेत. घरी लहान बाळ असल्यास त्याचेही श्वास मोजावेत. ते मोठ्यांच्या दुपटीहून अधिक असतात, हे स्वतःच पाहावे.

शेवटी पुढील गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. हाकेला ओ न देणारा माणूस दिसला तर मोठ्या माणसांना बोलवावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवून हनुवटी किंचित वर करावी, म्हणजे जीभ मागे पडत नाही व उलटी घशात जात नाही. श्वास थांबला असेल तर शिकलेल्या माणसाने कृत्रिम श्वास द्यावा. (कोल्हापुरात ‘सीपीआर’ म्हणजे आपले मोठे सरकारी रुग्णालय, पण हृदय व फुफ्फुसांना बाहेरून चालना देण्याच्या पद्धतीलाही सीपीआरच म्हणतात. दोन्ही ठाऊक असावीत!) लिंबूपाणी, मिठाचे पाणी, कॉफी पाजू नये, ओकारी काढू नये, गार पाण्यात बसवू नये, धरून चालवू नये. औषधाची पट्टी, बाटली सापडली तर ती बरोबर द्यावी. आणि रोग्याला एकटे सोडू नये.

डॉक्टरांना सांगावयाचे वाक्यही पाठ असावे : “साडेनऊला शेवटचा बोलला. आता दहा वाजून वीस मिनिटे झाली. मिनिटाला सहा श्वास आहेत. मंद उजेडातही बाहुल्या टाचणीएवढ्या आहेत. अंग कोरडे आहे. शेजारी ही पट्टी सापडली.” एवढ्या सहा छोट्या वाक्यांत निरीक्षण आहे, मोजमाप आहे, वेळेची नोंद आहे आणि पुरावाही आहे. दहावीच्या मुलाला किंवा मुलीला हे सांगता येणे मुळीच अवघड नाही. येत्या आठवड्यात आपल्या घरातील प्रत्येकाचे विश्रांतीतील श्वास मोजून त्याचा तक्ता तयार करा, आणि आपल्या विज्ञानशिक्षकांना दाखवा.